घोंगड्याची दुसरी सही

रेडमंडच्या मराठी मंडळात मालिनी देवस्थळींना सगळे मालिनीकाकू म्हणतात. काकू काय करतात असं विचारलं, तर "फुलपाखरांचं काहीतरी करतात" असं उत्तर मिळतं. वास्तविक फुलपाखरांशी त्यांचा काही संबंध नाही. त्या गेली बारा-तेरा वर्षं एका पतंगाच्या मागे आहेत, आणि तो पतंग गेली बारा-तेरा वर्षं कमी कमी होत चालला आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नसावा, अशी काकूंची आशा आहे.

पतंगाला लॅटिन नाव आहे, इंग्रजी नाव आहे. मराठी नाव नाही. असायचं कारणही नाही. रेडमंडहून अडीच तास गाडी हाकली की एक डोंगररांग लागते. तिच्या एका धारेवर, सात हजार फुटांवर, तो राहतो आणि इतरत्र कुठेही राहत नाही. काकूंनी त्याला आपल्या सोयीसाठी 'घोंगड्या' म्हणायला सुरुवात केली. त्याची मादी खरोखरच घोंगडीचा फाटका तुकडा वाऱ्यानं येऊन दगडाला चिकटावा तशी दिसते. काळपट, राखी, केसाळ. तिला पंख असतात, पण पोटात अंडी इतकी असतात की पंखांचा उपयोग होत नाही. ज्या कोशातून ती बाहेर येते त्याच कोशावर बसते आणि नर येण्याची वाट पाहते. तोंड तिला नसतंच. खाणंपिणं सगळं सुरवंट असतानाच उरकलेलं असतं. आयुष्य सात-आठ दिवसांचं, त्यातून ढगाळ दिवस वजा करायचे, कारण हा पतंग भर उन्हातला आहे. ढग आला की नर जिथे असेल तिथे उतरतो आणि स्वस्थ बसतो. "काकू, मग तुम्ही रात्री कंदील घेऊन जाता का?" असं मंडळात दर वर्षी कोणीतरी विचारतं. काकू दर वर्षी "नाही, सकाळी टोपी घालून" असं सांगतात.

सुरवंट दोन हिवाळे बर्फाखाली काढतो. दहा फूट बर्फ अंगावर असला की तो थिजलेला पण सुखरूप असतो, कारण बर्फ हेच त्याचं पांघरूण. हिवाळे उबदार झाले, बर्फ कमी पडायला लागला, की पांघरूण जातं आणि उघड्यावरच्या एका थंड रात्रीत तो मरतो. हवा तापल्यामुळे हा प्राणी गारठून मरतो, हे वाक्य काकूंना मंडळातल्या एकाही इंजिनियरला पटवता आलेलं नाही. शिवाय खालून झाडं वर्षाला थोडी थोडी वर सरकताहेत. त्यांच्यापुढे पळत आणखी वर जायला घोंगड्याची हरकत नसावी, पण धारेच्या वर आकाश आहे.

या दोन वर्षांच्या चक्रामुळे पतंग फक्त विषम साली उडतात. सम साली दगड उलटून सुरवंट शोधायचे. काकूंच्या घरी कॅलेंडरपेक्षा हे चक्र जास्त पाळलं जातं. नातवाचं बारसं सम साली आलं म्हणून त्या मुलाकडे नोव्हायला पूर्ण महिनाभर राहिल्या, हे तो मुलगा, अमेय, अजून सांगतो. कौतुकानं की कसं, ते त्याच्या आवाजावरून कळत नाही.

काकू मूळच्या मिरजेच्या. तिथल्याच एका दवाखान्याच्या लॅबमध्ये त्या पेशी मोजायला शिकल्या. काचेवर रक्ताचा थेंब पसरायचा, सूक्ष्मदर्शकाखाली शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या, त्यातल्या कुठल्या जातीच्या किती ते लिहायचं. लग्न होऊन परदेशात, ट्रॉयला आल्या आणि तिथेही हेच. नवऱ्यानं मोटारींच्या कंपनीतली नोकरी सोडून सॉफ्टवेअर धरलं म्हणून रेडमंडला आल्या, तिथेही हेच. पस्तीस वर्षांत त्यांनी न पाहिलेली पेशी पाहिली असं एकदाही लिहिलं नाही. याचा त्यांना अभिमान वगैरे नाही. बाहेर पडताना दाराला कुलूप लावतो, त्याचा कोण अभिमान बाळगतं?

निवृत्त झाल्यावर त्यांनी पतंगमोजणीच्या स्वयंसेवकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. तेव्हा अठरा जण होते. तिसऱ्या मोजणीपर्यंत काकू एकट्या उरल्या. बाकीचे सतरा कुठे गेले याची मोजणी झालेली नाही. पतंगांची झाली, ती अशी: पहिल्या साली चौसष्ट, मग एक्कावन्न, बावीस, एकोणीस, अकरा, तीन.

हे तीन म्हणजे २०२३ सालचे, आणि तेही कागदोपत्री शून्यच. कारण त्या सालापासून मोजणीच्या फॉर्मवर दोन निरीक्षकांच्या सह्या लागतात. दुसरी सही काकूंच्या यजमानांची, चंद्रशेखर यांची होती. दुखऱ्या गुडघ्यांनिशी दोन मैल चढून ते वर गेले होते आणि तिन्ही पतंग त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. मोजणी करवून घेणाऱ्या सरकारी ऑफिसनं चार महिन्यांनी कळवलं की एकाच घरातले दोन निरीक्षक धरता येत नाहीत.

"माझी सही इमिग्रेशनला चालली, अमेयच्या शाळेला चालली," चंद्रशेखर म्हणाले. "या किड्याला चालत नाही."

"नियम बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "नवऱ्याला बायको दाखवेल तेच दिसतं."

"हा शोध बेचाळीस वर्षांनी लागला?"

सहीला इतकं महत्त्व येण्याचं कारण असं. घोंगड्यासाठी ती धार दोरी लावून बंद ठेवलेली होती. बर्फावर घसरायला येणाऱ्यांसाठी खाली एक रिसॉर्ट आहे. त्यांना लिफ्टचा शेवटचा खांब नेमका त्या धारेवर हवा होता. त्या अर्जाचं भिजत घोंगडं बरीच वर्षं पडलं होतं. अखेर ऑफिसनं निकष ठरवला: लागोपाठ दोन उडत्या सालांत एकही ग्राह्य नोंद झाली नाही, तर पतंग संपला असं धरून दोरी काढायची. ग्राह्य नोंद म्हणजे एक जिवंत मादी, फोटोसकट, दोन वेगवेगळ्या घरांतल्या दोन माणसांनी एकाच वेळी पाहिलेली. २०२३ अग्राह्य ठरलं. उरलं २०२५. म्हणजे काकूंना एक मादी हवी होती आणि एक माणूस. मादीची व्यवस्था त्यांच्या हातात नव्हती, म्हणून त्या माणसाच्या मागे लागल्या.

त्यांनी शेजारच्या बाईंना विचारलं. त्यांना उंचीची भीती होती. लॅबमधल्या जुन्या मैत्रिणीला विचारलं. ती फ्लोरिडाला राहायला गेली होती. अमेय म्हणाला, "आई, ऑगस्टमध्ये आमचं लाँच आहे." नोव्हायला दर ऑगस्टमध्ये कसलं ना कसलं लाँच असतं. शेवटी त्यांनी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं.

इथे काकूंच्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. मराठी ग्रुपवर मराठीतच लिहायचं, देवनागरीतच, आणि इंग्रजी शब्द शक्यतो टाळायचा, हे त्या एकट्या पाळतात. बाकी सगळे "रजिस्ट्रेशन क्लोज झालंय" छापाचं लिहितात, काकू "नोंदणी संपली" असं लिहितात. तेव्हा त्यांनी लिहिलं:

"येत्या रविवारी पतंग. सकाळी दहापासून, ऊन असलं तरच. वरच्या पार्किंगपासून दोन मैल चाल. ठिकाणाची खूण खाली दिली आहे. दोरीपाशी थांबू नका, आत या, परवानगी काढली आहे. निदान एक जण तरी या."

आता मंडळाच्या बाजूनं पाहा. संक्रांत जानेवारीत येते आणि जानेवारीत रेडमंडला पाऊस असतो. म्हणून मंडळ तिळगूळ जानेवारीत शाळेच्या हॉलमध्ये वाटतं आणि पतंग उन्हाळ्यात उडवतं. यंदाही "पतंगांची तारीख नंतर कळवू" असं जाहीर होऊन सहा महिने झाले होते. सेक्रेटरी होता सिद्धेश, दोन वर्षांपूर्वी नागपूरहून आलेला, सॉफ्टवेअरमधला. नागपूरच्या गच्च्यांवर 'ओ काट' ओरडण्यात त्याचं बालपण गेलेलं. तारीख जाहीर झाली नाही याचं त्याला मनातून वाईट वाटत होतं. तो मेसेज वाचून त्यानं लगेच उत्तर दिलं, "काकू, दोरी आम्ही आणतो."

काकूंना भरून आलं. मोजणीच्या जागेवर चौकोन आखायला दोरी लागते, हे आजवर कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. त्यांनी लिहिलं, "धन्यवाद. पांढरी आणा."

सिद्धेशनं याचा अर्थ काचेचा मांजा नको, साधा दोरा आणा, असा घेतला. मुलांच्या हाताला कापू नये म्हणून काकू किती विचार करतात, असं तो घरी बायकोला, वैदेहीला, म्हणालासुद्धा.

रविवारी ऊन होतं. चंद्रशेखर गुडघ्यांमुळे पार्किंगमध्ये गाडीतच बसले आणि काकू सात वाजता एकट्या वर गेल्या. सत्तराव्या वर्षी सात हजार फुटांवर चढताना दर पन्नास पावलांना थांबावं लागतं. त्या थांबायच्या ते दगड पाहायला, असं त्या म्हणतात. दहापर्यंत त्यांना दोन जुने, रिकामे कोश मिळाले. नर एकही नाही. तितक्यात धारेवर सावली सरकली म्हणून त्यांनी वर पाहिलं. त्या दिवशी काकूंना दिसलेला पहिला पतंग कागदाचा होता, लाल-हिरवा, शेपटीवाला.

मागोमाग आणखी पाच वर चढले. धारेवर वारा उत्तम असतो.

चौतीस जण आले होते. चौदा घरं. संक्रांत म्हणून तिघींनी काळी साडी नेसली होती, खाली ट्रेकिंगचे बूट. खाली गाडीत बसलेल्या चंद्रशेखरांना सगळ्यांनी हात केला होता. इतकी माणसं आलेली पाहून त्यांना आनंद झाला होता, आणि पतंग आणि दोऱ्याची चक्री बॅगेत असल्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. दोरीपाशी कोणी थांबलं नाही, कारण थांबू नका असं लिहिलं होतं.

"काकू, तुम्ही लिहिलंत ना, निदान एक जण तरी या," सिद्धेश धापा टाकत म्हणाला. "ते वाचून सगळ्यांना एकदम कसंतरी झालं. काकू मंडळाला कधी काही मागत नाहीत. म्हटलं, यार, सगळेच जाऊ."

काकूंनी त्याच्या हातातल्या चक्रीकडे पाहिलं, मग त्याच्या बुटांकडे. मग त्यांनी सांगितलं की आपण मेसेजमध्ये म्हटलेला पतंग म्हणजे किडा. दिवसा उडणारा. या धारेवरचा. आणि त्याची मादी जमिनीवर बसते.

सिद्धेशला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"मग तुम्ही मॉथ का नाही लिहिलंत, काकू?"

"मराठी ग्रुप आहे," काकू म्हणाल्या.

न्यायानं पाहायचं तर त्यांनी मॉथ लिहिलं असतं, तर एकही माणूस आला नसता.

त्यांनी सगळ्यांना आहे तिथेच उभं राहायला सांगितलं. मंडळाच्या इतिहासात एखादी सूचना इतकी तंतोतंत पाळली गेल्याचं आठवत नाही. चौतीस माणसं पाऊल न उचलता उभी राहिली. वरचे पतंग उतरवता येईनात, कारण उतरलेला पतंग आणायला चालावं लागतं. म्हणून ते तसेच डोक्यावर फडफडत राहिले. एका मुलीनं आईला "आर वी इन ट्रबल?" असं विचारलं. आईनं "हो" म्हटलं. काकू गुडघ्यांवर बसून माणसांच्या बुटांमधून सरकू लागल्या. एकेकाला पाय उचलायला सांगायच्या, तळव्याखालचा दगड पाहायच्या, पाय पुन्हा तिथेच ठेवायला सांगायच्या. अर्धा-पाऊण तास हे चाललं. बुटांखाली काही सापडलं नाही. लोकांना हळूहळू हायसं वाटू लागलं.

शेवटी राहिली वैदेहीची चादर. वर पोचल्याबरोबर तिनं ती अंथरली होती, वर तिळगुळाचा डबा आणि पाण्याच्या बाटल्या. जागा तिनं नीट पाहून निवडली होती. वाऱ्याला आडोसा, भरपूर ऊन, जवळजवळ सपाट दगड. घोंगड्याच्या मादीच्या अपेक्षाही नेमक्या याच असतात. वैदेहीनं डबा उचलला, दोघांनी चादरीची टोकं धरून ती सरळ वर घेतली. खाली कोश होता. कोशावर मादी होती.

काकूंनी भिंग काढलं. बराच वेळ पाहिलं. मग बारीक कुंचल्यानं तिच्या मिशीला स्पर्श केला आणि थांबल्या. पुन्हा स्पर्श केला. ऊन लागलं की कधीकधी हालचाल येते म्हणून त्यांनी घड्याळ लावून वीस मिनिटं वाट पाहिली. मिशी हलली नाही.

मग त्यांनी फोटो घेतला आणि पिशवीतून फॉर्म काढला. जागा, वेळ, तापमान, वारा हे लिहिलं. खाली प्रश्न होता, मादी पाहिली तेव्हा जिवंत होती का. होय की नाही. काकूंनी पेन उचललं तेव्हा सिद्धेश त्यांच्या शेजारी उकिडवा बसला. दोरीचं आणि लिफ्टच्या खांबाचं प्रकरण त्याला तोवर कोणीतरी समजावून सांगितलं होतं.

"काकू, आम्ही येईपर्यंत ती जिवंत असणार ना?"

"असेल."

"मग होय लिहा. आम्ही सगळे सह्या करतो. चौदा घरं आहेत."

"तुमच्यापैकी जिवंत कोणी पाहिली?"

वैदेहीचे डोळे भरले होते. "काकू, पण हे खोटं थोडंच आहे?" ती म्हणाली. "ती होतीच इथे. खरं तर तेच खरं आहे."

"खरं असेल," काकू म्हणाल्या. "पाहिलेलं नाही."

त्यांनी 'नाही'वर खूण केली आणि खाली सही केली. मग फॉर्म सिद्धेशकडे दिला. त्यानं तो पुन्हा वाचला, सुटका नाही असं पाहून दुसऱ्या ओळीवर सही केली. अशा रीतीनं काकूंना दुसऱ्या घरातली दुसरी सही मिळाली.

परतताना सगळे एकाच रेषेत, एकमेकांच्या पावलांत पाय ठेवून उतरले. तसं करायला कोणी सांगितलं नव्हतं. खाली चंद्रशेखरांनी गाडीची काच खाली करून "दिसला का?" विचारलं. काकू दार उघडून बसल्या आणि म्हणाल्या, "चला."

मादी त्यांनी डबीत घालून घरी नेली. परवानगीच्या पत्रात मृत नमुना जतन करावा असं कलम आहे. घरच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी तिचं पोट उघडून अंडी मोजली. एकशे एकोणसाठ भरली. त्यांनी ती दोनदा मोजली.

पुढच्या शनिवारी सिद्धेश आणि वैदेही घरी आले. मंडळात आदल्या चार दिवसांत बरीच चर्चा झाली होती आणि ती एका समजुतीपाशी येऊन थांबली होती, की त्या साली नर दिसलाच नव्हता, तेव्हा मादी वाचली असती तरी अंड्यांचं काही झालंच नसतं. वैदेहीनं तेच भीत भीत विचारलं. चंद्रशेखर चहाचे कप घेऊन आले होते. ते बायकोकडे अशा नजरेनं पाहत होते, की पोरांना एकदाचं हो म्हण.

"नर येऊन गेला होता की नाही," काकू म्हणाल्या, "ते माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. सांगता येत नाही."

मग त्यांनी दोघांना चहा प्यायला सांगितलं. पाहुणे गेल्यावर चंद्रशेखर म्हणाले, एवढं तर म्हणता आलं असतं. काकू कप विसळत राहिल्या.

ऑफिसचं पत्र ऑक्टोबरात आलं. जिवंत मादीची नोंद नसल्यामुळे लागोपाठ दुसरं उडतं साल कोरं गेलं होतं. सबब धारेवरची बंदी उठवण्यात येत होती. दुसऱ्या परिच्छेदात आभार होते. एकाच दिवशी, एकाच जागी चौतीस निरीक्षक ही या कार्यक्रमातली आजवरची सर्वांत मोठी उपस्थिती असून वार्तापत्रात तिचा उल्लेख करण्यात येईल, असं लिहिलं होतं. तसा तो आला. काकूंच्या आडनावाचं स्पेलिंग चुकलं होतं, मंडळाचं बरोबर होतं.

यंदा सम साल. पतंग उडण्याचं साल नव्हे, सुरवंटांचं. एक पिढी मेली तरी क्वचित एखादा सुरवंट एक हिवाळा जास्त काढतो असं काकूंनी कुठेतरी वाचलं होतं. स्वतः पाहिलेलं नाही. जुलैत बर्फ वितळल्यावर एका शनिवारी त्या वर गेल्या. दोरी काढलेली होती. धारेवर नारिंगी फितीच्या खुंट्या ठोकल्या होत्या आणि त्या खुंट्यांच्या मधून मोजणी करायला आता कोणाची परवानगी लागत नव्हती.

त्या शनिवारी सिद्धेश न सांगता पार्किंगमध्ये येऊन उभा होता. त्यानंतरच्या प्रत्येक शनिवारीही आला. तो फार बोलत नाही. दगड उचलायचा, खालची बाजू पाहायची, आणि होता तसाच, होत्या त्याच बाजूवर परत ठेवायचा, एवढं तो शिकला आहे. पहिल्या दिवशी त्यानं चौऱ्याऐंशी दगड उलटले आणि मग वहीत काय लिहायचं ते विचारलं.

"शून्य."

"दिवसाचं एकदम?"

"प्रत्येक दगडाचं वेगळं," काकू म्हणाल्या.

त्यानं लिहिलं. दोन वेगवेगळ्या घरांतले निरीक्षक असल्यामुळे त्यांची ही सगळी शून्यं ऑफिसला ग्राह्य आहेत. जुलै संपेपर्यंत सहाशेच्या वर झाली.

शेवटच्या शनिवारी दुपारी एका दगडाखाली काहीतरी हललं. सिद्धेशनं आवाज न करता हात वर केला. काकू दर पन्नास पावलांना थांबत त्याच्यापर्यंत गेल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि भिंग लावलं. कोळी होता, आणि चांगला ठणठणीत होता. याची नोंद करायची का, असं सिद्धेशनं विचारलं. काकू म्हणाल्या, कोळ्यांसाठी फॉर्ममध्ये जागा नाही, आणि दगड हळू ठेव.